एका डॉलरला इन्सुलिन देऊन टाकणारा डॉक्टर, आणि पासष्टीनंतर पंपाच्या नळीसाठी लागणारे कागद

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला आठवतो बालदिन. शाळेत गुलाबाचं फूल, चाचा नेहरूंवरचं पाठ केलेलं भाषण, आणि नशीब असेल तर अर्धी सुट्टी. पण याच तारखेला जगभर आणखी एक दिवस पाळला जातो, तो म्हणजे जागतिक मधुमेह दिन.

ही तारीख कुणी चिठ्ठ्या टाकून काढलेली नाही. १४ नोव्हेंबर १८९१ या दिवशी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर एक पोरगं जन्माला आलं. पाच भावंडांतलं शेंडेफळ. नाव फ्रेडरिक बँटिंग. पुढे याच माणसामुळे इन्सुलिन जगाला मिळालं, आणि आज लाखो लोक कमरेला छोटासा इन्सुलिन पंप लावून ऑफिसला जातात, नातवंडांना फिरवून आणतात.

आता इन्सुलिनचा शोध म्हटल्यावर डोळ्यासमोर येतो तो हुशार, शांत, पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ. बँटिंग यातलं काहीच नव्हता. तो रागीट होता, संशयी होता, मधल्या काळात दारूच्या आहारी गेला होता आणि संशोधनाचा त्याला अनुभव जवळपास शून्य होता. म्हणूनच त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे.

बँटिंगचं घर शेतकऱ्याचं आणि देवभोळं. आईवडिलांची इच्छा होती पोराने धर्मोपदेशक व्हावं. त्यासाठी टोरंटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं, पण पठ्ठ्या पहिल्याच वर्षी नापास झाला. फ्रेंचने दगा दिला. मग १९१२ साली त्याने लाईन बदलून मेडिकलला प्रवेश घेतला.

दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. बँटिंग सैन्यात भरती व्हायला गेला, तर नजर कमजोर म्हणून परत पाठवलं. पुन्हा गेला, पुन्हा नकार. शेवटी सैन्याला डॉक्टर कमी पडायला लागले तेव्हा त्याला घेतलं. त्याच्या बॅचचा अभ्यासक्रम घाईघाईत उरकून १९१६ च्या डिसेंबरमध्ये पदवी दिली आणि पोरांना युद्धावर धाडलं. १९१८ साली फ्रान्समध्ये काम्ब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. तशाच अवस्थेत तो तासन्‌तास जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला. त्यासाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

पदक मिळालं, पण पदकाने पोट भरत नाही. युद्धावरून परत आल्यावर टोरंटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये त्याने सर्जरीचं काम केलं, पण कायमची जागा काही मिळाली नाही. मग १९२० च्या जुलैमध्ये ऑन्टारिओतल्याच लंडन नावाच्या गावात (इंग्लंडचं लंडन वेगळं) त्याने घर घेतलं, दारावर पाटी लावली आणि पेशंटची वाट बघत बसला.

पहिला पेशंट यायला जवळपास महिना गेला. त्या महिन्याची कमाई चार डॉलर.

लग्न ठरलेली मुलगी होती, एडिथ रोच. ती शिक्षिका होती, कमावती होती. इकडे डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात माशा मारण्याचा कार्यक्रम सुरू. नात्यात ताण आला आणि ते पुढे तुटलंच. घरखर्चासाठी त्याने तिथल्या मेडिकल कॉलेजात तासाला दोन डॉलरवर शिकवायचं काम धरलं. आणि या दोन डॉलरवाल्या नोकरीतच सगळी गोष्ट फिरली.

३० ऑक्टोबर १९२० ची रात्र. दोन दिवसांनी पोरांना शरीर साखर कशी वापरते यावर लेक्चर द्यायचं होतं. त्याचा तो विषय नव्हता, म्हणून वाचत बसला. झोपताना एका मेडिकल मासिकातला लेख चाळला. स्वादुपिंडाची नळी खड्याने बंद झाली तर काय होतं, असा तो विषय. झोप लागेना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्याने वहीत चार ओळी खरडल्या. गंमत म्हणजे त्या ओळींत डायबिटीस या शब्दाचं स्पेलिंगच चुकलेलं आहे.

कल्पना काय होती, तर स्वादुपिंड दोन कामं करतं. एक, पचनाचे रस तयार करतं. दोन, त्यातल्या पेशींच्या छोट्या बेटांमधून असं काहीतरी थेट रक्तात सोडतं ज्यामुळे साखर आटोक्यात राहते. हे दुसरं काहीतरी असावं हे शास्त्रज्ञांना तीस वर्षं माहिती होतं. पण ते बाहेर काढायला गेलं की पचनाचे रस त्याचा नाश करतात, असं मानलं जायचं. बँटिंगचं म्हणणं असं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकायची, काही आठवडे थांबायचं, पचनरस बनवणारा भाग सुकून गेला की उरलेल्या बेटांमधून अर्क काढायचा.

त्याआधी मधुमेहाचा अर्थ काय होता हे समजून घ्यायला पाहिजे. लहान मुलांना होणारा, ज्याला आज आपण टाईप वन म्हणतो, तो झाला म्हणजे आईबापांनी समजून जायचं. वर्ष, दोन वर्षं. सगळ्यात चांगला समजला जाणारा उपचार होता उपासमार. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक ॲलन पोरांना इतकं कमी खायला द्यायचे की हाडांचे सापळे उरायचे. त्याने मरण पुढे ढकललं जायचं, टळायचं नाही. आपल्या पोराला उपाशी ठेवा म्हणजे ते आणखी काही महिने जगेल, हे ऐकणाऱ्या आईची कल्पना करा.

तर ही कल्पना घेऊन बँटिंग टोरंटो विद्यापीठात प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लाउड यांच्याकडे गेला. मॅक्लाउड स्कॉटिश, या विषयातले नावाजलेले तज्ज्ञ. त्यांना कळत होतं की या पोराचं वाचन तोकडं आहे, मोठमोठे लोक यात हात पोळून बसलेत. तरीही त्यांनी १९२१ च्या उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा दिली, दहा कुत्री दिली आणि एक मदतनीस दिला. मदतनीस व्हायला दोन विद्यार्थी तयार होते. दोघांनी नाणं उडवलं. चार्ल्स बेस्ट जिंकला, क्लार्क नोबल हरला. म्हणून आज आपण बँटिंग आणि बेस्ट म्हणतो.

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं. मॅक्लाउड जूनमध्ये सुट्टीला स्कॉटलंडला गेले. इकडे टोरंटोत मरणाचा उकाडा, माळ्यावरची कोंदट खोली, पगार नाही. ऑपरेशनं फसत होती, जखमा चिघळत होत्या, कुत्री मरत होती. दिलेली कुत्री संपली तेव्हा दोघांनी एक ते तीन डॉलरला एक अशी कुत्री बाहेरून आणली, कुठून आणली हे कुणी विचारायचं नाही. आजच्या नियमांत हे प्रयोग पहिल्या दिवशीच बंद पडले असते.

३० जुलैला स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्याला अर्क टोचला आणि त्याची साखर खाली आली. ऑगस्टमध्ये ९२ नंबरची कुत्री जवळपास वीस दिवस जगली. ती बँटिंगची लाडकी होती. ती गेली तेव्हा हा युद्ध बघून आलेला माणूस रडला.

सप्टेंबरमध्ये मॅक्लाउड परत आले आणि पहिलं भांडण झालं. बँटिंगने पगार मागितला, जागा मागितली, नाहीतर दुसरीकडे जातो म्हणून धमकी दिली. मॅक्लाउड यांनी शांतपणे आणखी पुरावे मागितले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं बरोबर होतं. पण बँटिंगच्या डोक्यात तेव्हापासून बसलं की हा म्हातारा आपलं श्रेय लाटणार. (म्हातारा म्हणजे ४५ वर्षांचा.)

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. बँटिंगची मूळ कल्पना, ती नळी बांधायची, शेवटी गरजेची ठरलीच नाही. खाटीकखान्यातून आणलेल्या गाईच्या ताज्या स्वादुपिंडातून अल्कोहोल वापरून अर्क काढता येतो हे त्यांच्या लक्षात आलं. डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप नावाचा बायोकेमिस्ट टीममध्ये आला, आणि अर्क शुद्ध करायचं खरं किचकट काम त्याने केलं. म्हणजे चुकीच्या कल्पनेच्या मागे धावता धावता बरोबर जागी पोहोचलेला हा माणूस. पण धावला तो, हेही खरं.

११ जानेवारी १९२२. टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. वजन अवघं २९ किलो. वडिलांनी परवानगी दिली आणि त्याला बँटिंग आणि बेस्टने बनवलेला गढूळ तपकिरी अर्क टोचला. साखर थोडी उतरली, पण सुईच्या जागी गळू झालं. प्रयोग थांबवावा लागला.

पुढचे बारा दिवस कॉलिपने रात्रंदिवस एक केले. २३ जानेवारीला त्याचा शुद्ध अर्क टोचला. एका दिवसात लिओनार्डची रक्तातली साखर ५२० वरून १२० वर आली. लघवीतली साखर जवळपास गेली. पोरगं उठून बसलं. पुढे तो आणखी तेरा वर्षं जगला.

आता एवढं मोठं यश मिळाल्यावर लोक पेढे वाटतात. इथे हाणामारी झाली. कॉलिपने शुद्ध करायची पद्धत सांगायला नकार दिला तेव्हा बँटिंग त्याच्या अंगावर धावून गेला. बेस्टने मध्ये पडून आवरलं. शेवटी २५ जानेवारीला चौघांना कागदावर सही करावी लागली की कुणी परस्पर पेटंट घ्यायला जाणार नाही.

त्यानंतर काही काळ बँटिंग रोज रात्री प्यायचा. ऑन्टारिओत दारूबंदी होती, तर त्याने प्रयोगशाळेतलं अल्कोहोल वापरलं. बेस्टने त्याला खडसावून परत कामाला लावलं.

मग आला पेटंटचा विषय. सोशल मीडियावर दर वर्षी फिरणारी पोस्ट तुम्ही वाचली असेल, बँटिंगने इन्सुलिनचं पेटंट एका डॉलरला विकलं. पोस्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. बँटिंगला पेटंटवर नावच नको होतं. औषधावर हक्क सांगणं डॉक्टरच्या शपथेत बसत नाही असं त्याचं मत होतं. म्हणून आधी अर्ज बेस्ट आणि कॉलिपच्या नावाने झाला. पण अमेरिकेत पेटंट टिकवायचं तर खऱ्या शोधकाचं नाव लागतं, म्हणून मग बँटिंगचं नाव घातलं. २३ जानेवारी १९२३ ला पेटंट मिळालं आणि तिघांनी ते टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. हेतू हा होता की उद्या कुणी भलत्याने पेटंट घेऊन बाकीच्यांना बनवायची बंदी घालू नये, आणि बाजारात येणारा माल भेसळीचा नसावा. इन्सुलिन फुकट मिळेल असं त्यात कुठेच नव्हतं. कारण बनवणारी कंपनी लागणारच होती. १९२२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एली लिली कंपनीशी करारही झाला होता.

आता थोडं थांबून शंभर वर्षं पुढे जाऊ, कारण शोध मोफत दिला तरी सामानाचे पैसे कोण देणार हा प्रश्न उरतोच. त्याचं सगळ्यात गमतीदार आणि तितकंच डोकं फिरवणारं उत्तर अमेरिकेत सापडतं.

अमेरिकेत पासष्टी पार केलेल्यांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे, मेडिकेअर. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला त्याच्या कायद्यावर सही केली. सुरुवातीची अनेक वर्षं घरी घ्यायच्या औषधांचे पैसे मेडिकेअर देत नव्हती. त्यासाठीचा पार्ट डी सुरू झाला थेट २००६ साली. पण एक जुनी वाट होती. पार्ट बी मध्ये घरी वापरायच्या टिकाऊ उपकरणांचे पैसे मिळायचे, म्हणजे व्हीलचेअर, ऑक्सिजनचं यंत्र वगैरे. इन्सुलिन पंप या खात्यात बसला, पण तोही २००० सालापासून.

पंप म्हणजे काय, तर जुन्या पेजरएवढी डबी. आत इन्सुलिन भरलेली छोटी टाकी, त्यातून निघणारी बारीक नळी, आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेली मऊ सूक्ष्म नळी. ही नळी आणि टाकी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. पंप एकदाच घ्यायचा, सामान जन्मभर. खरा खर्च तिथे आहे.

आता गंमत बघा. त्याच कंपनीचं, त्याच बाटलीतलं इन्सुलिन. आजोबांनी ते सुईने टोचलं तर पैसे पार्ट डी देणार. तेच नळीच्या पंपात भरलं तर पार्ट बी देणार, कारण ते उपकरणासोबत वापरलं. आणि नळी नसलेला, अंगाला चिकटवायचा फेकता पंप असेल तर तो टिकाऊ उपकरणात बसत नाही, म्हणून २०१८ पासून तो पुन्हा पार्ट डी कडे. औषधाच्या दुकानात बिल चुकीच्या खात्यावर टाकलं की ते नामंजूर होऊन परत येतं, आणि माणसाला वाटतं आपला विमाच बंद झाला. अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा, बिल कुठल्या पार्टला लावलं होतं.

दुसरी अडचण जास्त बोचणारी आहे. समजा एखाद्या बाईंना दहाव्या वर्षी टाईप वन झाला. तीस वर्षं पंप लावून नोकरी केली, खासगी विम्याने पैसे दिले. पासष्टीला मेडिकेअर लागू झाली, की त्यांना रक्त तपासून सिद्ध करावं लागतं की त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवत नाही. पंचावन्न वर्षं सुई टोचून घेतल्यावर!

ही तपासणी म्हणजे सी-पेप्टाईड. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा त्यासोबत सी-पेप्टाईड नावाचा तुकडा सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून तो किती आहे त्यावरून स्वतःचं उत्पादन किती ते कळतं. आकडा लॅबच्या किमान सामान्य मर्यादेच्या ११० टक्क्यांच्या आत पाहिजे. तपासणी उपाशीपोटी, आणि त्याच वेळी घेतलेली साखर २२५ च्या वर नको. साखर जास्त निघाली तर रिपोर्ट ग्राह्य धरला जात नाही, पुन्हा उपास. (यात शेवटी थोडी माणुसकी आहे. किडनी कमजोर असेल तर सी-पेप्टाईडची मर्यादा सैल आहे, आणि स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी रक्तात सापडली तर तीही चालते.)

बरं, पंप मंजूर झाला म्हणजे संपलं असं नाही. सामान येत राहण्यासाठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना भेटल्याची नोंद फाईलमध्ये लागते. सामान देणारा दुकानदार मेडिकेअरकडे नोंदलेला पाहिजे. वर्षाची ठरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरून झाली की मग मेडिकेअर ८० टक्के देते, उरलेले २० टक्के आपले किंवा जोड-विम्याचे. चौथ्या महिन्यात भेट झाली की पार्सल अडकतं. म्हणून अनुभवी लोक आजची भेट संपताच पुढची तारीख घेऊन ठेवतात, आणि पासष्टीच्या वाढदिवसाआधीच सी-पेप्टाईडचा कागद तयार ठेवतात. जुना रिपोर्ट सापडला तर सोन्याहून पिवळं.

इन्सुलिनच्या किमतीचं काय झालं तेही बघा. १९९६ साली लिलीचं नवं इन्सुलिन बाजारात आलं तेव्हा बाटली २१ डॉलरची होती. वीस-एक वर्षांत छापील किंमत २७५ डॉलरच्या घरात गेली. लोक डोस कमी करून पुरवायला लागले, काही त्यात गेले. मग २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. जानेवारी २०२३ पासून पार्ट डी ला, आणि जुलै २०२३ पासून पंपात भरायच्या इन्सुलिनला. ही मर्यादा फक्त इन्सुलिनची. नळ्या आणि टाक्या यात नाहीत, त्यांचे २० टक्के चालूच.

आपल्याकडचे जे आई-बाबा मुलांकडे अमेरिकेत राहतात त्यांच्यासाठी एवढंच, की व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर मिळत नाही. तिथे काम न केलेल्यांना ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर, पासष्टी झाली असेल तर, हप्ते भरून ती घेता येते.

आणि बँटिंगच्या स्वतःच्या ऑन्टारिओत? तिथे सरकारने २००६ मध्ये टाईप वन असलेल्या मुलांना आणि २००८ मध्ये मोठ्यांनाही पंप द्यायला सुरुवात केली, शिवाय सामानासाठी वर्षाला २४०० डॉलरचं अनुदान. अटी तिथेही आहेत, पण बाटली कुठल्या पार्टची हा घोळ नाही.

तर आता परत १९२३ मध्ये.

ऑक्टोबर महिन्यात नोबेल जाहीर झालं, बँटिंग आणि मॅक्लाउड यांना. बँटिंग तेव्हा ३१ वर्षांचा. मेडिसिनचं नोबेल मिळवणारा इतका तरुण माणूस आजवर दुसरा झालेला नाही. बातमी ऐकून तो आनंदाने नाचला नाही, तो भडकला. मॅक्लाउडला का आणि बेस्टला का नाही? नोबेल नाकारायचं असं त्याच्या मनात आलं होतं. लोकांनी समजावलं की कॅनडाच्या माणसाला पहिल्यांदाच नोबेल मिळतंय, असं करू नकोस. मग त्याने आपल्या वाट्याचे अर्धे पैसे बेस्टला दिले. हे कळल्यावर मॅक्लाउड यांनी आपले अर्धे कॉलिपला दिले. रुमानियात निकोलाय पाउलेस्कू नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२१ मध्येच अशाच अर्काचे निष्कर्ष छापले होते. त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. मॅक्लाउड १९२८ साली टोरंटो सोडून स्कॉटलंडला परत गेले ते कायमचेच. माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात जास्त अन्याय या दोघांवर झाला, आणि मॅक्लाउडच्या बाबतीत त्याचं कारण बँटिंगच होता.

देशाने मात्र बँटिंगला डोक्यावर घेतलं. कॅनडाच्या सरकारने वर्षाला ७५०० डॉलरचं तहहयात मानधन दिलं. विद्यापीठात त्याच्या नावाचा विभाग काढला. पण दुसरा इन्सुलिन त्याला कधी सापडला नाही. तो कॅन्सरच्या मागे लागला, हाती काही आलं नाही. ज्याला संशोधनाचं शिक्षण नव्हतं त्याच्याकडून जग आता दर वर्षी चमत्काराची अपेक्षा करत होतं. त्याचं त्याला ओझं झालं होतं.

सुटका त्याला चित्रांमध्ये मिळाली. कॅनडातले मोठे चित्रकार ए. वाय. जॅक्सन त्याचे जिवलग मित्र झाले. दोघं बर्फात उभं राहून चित्रं काढायचे. १९२७ मध्ये ते उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात गेले. परत येताना बँटिंगने एका पत्रकाराशी बोलताना हडसन्स बे कंपनी तिथल्या एस्किमो लोकांना फर घेताना कसं नागवते ते सांगून टाकलं. बातमी छापून आली, कंपनी चिडली. पण मागे हटेल तो बँटिंग कसला.

१९२४ मध्ये मॅरियन रॉबर्टसनशी लग्न, १९२९ मध्ये मुलगा, १९३२ मध्ये घटस्फोट. त्या काळच्या टोरंटोत घटस्फोट म्हणजे पेपरची पहिल्या पानाची बातमी. १९३४ साली सर ही पदवी मिळाली. १९३७ मध्ये हेन्रिएटा बॉलशी दुसरं लग्न.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस पुन्हा वर्दीत शिरला. मस्टर्ड गॅसवर उतारा शोधायचा म्हणून त्याने तो स्वतःच्याच पायावर लावून घेतला. वेगवान विमानात वैमानिक बेशुद्ध पडू नयेत म्हणून चाललेल्या कामाला त्याने पाठबळ दिलं, त्यातून विल्बर फ्रँक्सचा खास पोशाख तयार झाला.

२० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री तो इंग्लंडला निघाला. न्यूफाउंडलंडमधल्या गँडरहून हडसन बॉम्बर उडालं, थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं आणि विमान मस्ग्रेव्ह हार्बरजवळच्या जंगलात कोसळलं. चौघांपैकी पायलट जोसेफ मॅकी वाचला. बँटिंगने दुसऱ्या दिवशी प्राण सोडला. वय ४९.

एक नाव सांगायचं राहिलं. एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. ती डॉक्टर ॲलनच्या उपासमारीवर तीन वर्षं तग धरून होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला बँटिंगकडे आणलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं जेमतेम २० किलो. बँटिंगने तिला इन्सुलिन दिलं आणि वर खायचं बंधन काढून टाकलं. काही आठवड्यांत ती ब्रेड, बटाटे, मलई खायला लागली, आणि आईला लांबलचक पत्रं लिहून आज काय काय खाल्लं ते कळवायला लागली.

ती शिकली, लग्न केलं, तीन मुलं झाली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा इतिहास जपणारी संस्था उभी केली. आपल्याला मधुमेह आहे हे तिने आयुष्यभर लपवलं, जवळच्यांनाही सांगितलं नाही. १९७२ मध्ये ती पासष्ट वर्षांची झाली. तेव्हा मेडिकेअर होती, पण घरी टोचायच्या इन्सुलिनचे पैसे ती देत नव्हती. एलिझाबेथच्या घरी पैशाला कमी नव्हती, तिचं अडलं नाही. १९८१ मध्ये ती गेली, तोवर तिने जवळपास ४२ हजार इंजेक्शनं घेतली होती.